डोबरमनच्या मेटिंगआधी होल्टर सक्तीचा असावा का?

डोबीची आई, पुणे
माझं मत सरळ आहे. ज्या डोबरमनचा गेल्या वर्षभरातला होल्टर (अंगावर यंत्र बांधून केलेला 24 तासांचा ईसीजी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही, त्याची मेटिंग करू नये आणि त्याचं पिल्लू कुणी घेऊ नये. केसीआयचे, म्हणजे केनल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर विचारतो, आजोबा चॅम्पियन होता का विचारतो, हृदयाचं कुणी विचारत नाही. या जातीत डीसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू ढिला पडून कप्पे फुगत जाण्याचा आनुवंशिक आजार, किती पसरलाय हे म्युनिकच्या पशुवैद्यकांनी 2010 साली दाखवलं. आयुष्यात कधी ना कधी तो होण्याचं प्रमाण तब्बल 58 टक्के! काहींमध्ये तर पहिलं लक्षण म्हणजे थेट मृत्यू. चांगला धावणारा कुत्रा बागेत कोसळतो आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचत नाही. तोवर त्याची पिल्लं चार शहरांत गेलेली असतात.

केनलवाला, कोल्हापूर
ताई, दुःख कळतं, पण सक्ती म्हटलं की मला धडकी भरते. 58 टक्के तुम्हीच म्हणताय. मग इतके सगळे बाद केले तर उरणार कोण? दोन-चार ‘क्लीन’ स्टड, म्हणजे मेटिंगसाठीचे निरोगी नर. सगळा महाराष्ट्र त्यांच्याच दारात रांग लावणार आणि पाच वर्षांत प्रत्येक पिल्लू त्यांचं नातवंड असणार. ही जात आधीच जवळच्या नात्यातून बनलेली आहे. एक आजार काढायला जाऊन दुसरा पक्का करून ठेवू.
शिवाय मादी मेटिंगला जाते दोन वर्षांची असताना, आजार दिसतो पाच-सहाव्या वर्षी. आज स्वच्छ आलेला रिपोर्ट उद्याची हमी देत नाही.

तेजस, नाशिक
मग डीएनए टेस्ट करा ना! गालातून बोळा फिरवायचा, एकदाच, विषय संपला.

पशुवैद्य, नागपूर
नाही संपत. पीडीके4 जनुकातला दोष अमेरिकेतल्या डोबरमनमध्ये सापडला, पण युरोपातल्या कुत्र्यांत त्याचा आजाराशी संबंध आढळला नाही. बोळ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका.
नुसत्या स्टेथोस्कोपवरही भिस्त नको. कुत्र्याच्या हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके पडतात आणि पाच मिनिटांच्या ईसीजीत त्यातले जेमतेम काहीशे दिसतात. होल्टरसाठी छातीवरचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवतो, वर जॅकेट चढवतो आणि कुत्रा घरी पाठवतो. मालकानं वहीत लिहायचं: किती वाजता फिरला, कधी झोपला, दारावरची बेल वाजल्यावर कधी भुंकला. 24 तासांत खालच्या कप्प्यातून निघालेले जादा ठोके 300 च्या वर गेले तर डीसीएम धरतात. 50 ते 300 असतील तर पुन्हा तपासणी.
एक अडचण खरी आहे. कुत्र्याची नाडी श्वासाबरोबर कमीजास्त होते आणि माणसांसाठीचं सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं. रिपोर्ट कुत्र्यांचा होल्टर वाचता येणाऱ्यानंच तपासायला हवा, आणि असे लोक आपल्याकडे थोडे आहेत.

डोबीची आई, पुणे
केनलवाले दादा, वयाचा मुद्दा मान्य, पण त्यावर तोडगा आहे. कॅव्हेलियर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळते. तिथे नियम असा बसवला की आईबाप अडीच वर्षांचे होईपर्यंत स्वच्छ हवेत आणि त्यांचे आईबाप पाचव्या वर्षी स्वच्छ हवेत. म्हणजे आजी-आजोबांचं वय आपल्या कामी येतं. शिवाय सहा वर्षांचा ठणठणीत स्टड असताना दोन वर्षांचा कशाला वापरायचा?

कोपनहेगनकर
इथलं सांगतो. डेन्मार्कच्या केनल क्लबनं कॅव्हेलियरची हृदय तपासणी प्रजननासाठी सक्तीची केली आणि 2002-03 च्या तुलनेत 2010-11 मध्ये झडपेच्या आजाराचा धोका 73 टक्क्यांनी उतरला. जात संपली नाही.

केनलवाला, कोल्हापूर
आणि शेजारी नॉर्वेत? 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हेलियरचं प्रजननच प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं. उद्या इथे तेच झालं तर?

कोपनहेगनकर
दादा, ती वेळ आजारामुळे आली, तपासणीमुळे नाही.

पशुवैद्य, नागपूर
दोघांच्या मधलं एक. 80 जादा ठोके आलेला कुत्रा लगेच खस्सी करू नका. मेटिंग थांबवा, काही महिन्यांनी परत तपासा. 300 च्या वरच्याला मात्र प्रजननातून काढाच आणि उपचार सुरू करा. पिमोबेंडन या हृदयाच्या औषधानं लक्षणं दिसण्याआधीच्या टप्प्यातल्या डोबरमनचा चांगला काळ वाढतो. 2012 च्या चाचणीत तो साधारण 718 दिवस निघाला, औषध नसलेल्यांचा 441. मालकासाठी हे थोडं नाही.

केनलवाला, कोल्हापूर
डॉक्टर, हे पटतं. माझ्या म्हाताऱ्या स्टडचा आणि दोन माद्यांचा होल्टर मी करून घेतो. पण रिपोर्ट सगळ्यांपुढे टाकणार नाही. एक खराब आकडा आला की लोक अख्ख्या लाइनला नावं ठेवतात. पिल्लू घेणाऱ्याला समोर बसवून दाखवीन.

डोबीची आई, पुणे
इथेच आपलं जमत नाही. अमेरिकेत ओएफए ही संस्था कुत्र्यांच्या तपासण्यांचे निकाल नोंदवते, तिच्या यादीतही खराब निकाल मालकानं परवानगी दिली तरच दिसतो, म्हणून ती यादी आहे त्यापेक्षा निरोगी वाटते. तुमच्या मादीचा सख्खा भाऊ सांगलीत स्टड म्हणून वापरात असेल, आणि तिचे 400 जादा ठोके निघाले, तर ते कळण्याची गरज त्या सांगलीवाल्याला आहे. तुमच्या समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला कळून त्याचा काय उपयोग?

केनलवाला, कोल्हापूर
भावाच्या मालकाला मी स्वतः फोन करीन. यादीत नाव नको.