रेणू तोच, पण गोळी फुटते

औषधाचा रेणू एकच असेल तर स्फटिक कसाही असला तरी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बरंच बिघडतं. साधं पॅरासिटामॉल घ्या. त्याच्या पहिल्या दोन रूपांत, म्हणजे स्फटिकात रेणू रचले जाण्याच्या दोन तऱ्हांत, रेणू तोच आणि रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंधही त्याच अणुगटांमधले. फरक इतकाच की पहिल्यात या बंधांनी विणलेले थर पन्हळी पत्र्यासारखे आहेत, एकमेकांत रुतून बसलेले. दुसऱ्यात ते सपाट आहेत. दाब दिला की सपाट थर घसरतात आणि पावडर नीट दाबली जाते. पन्हळी थर घसरत नाहीत, म्हणून दाब काढताच गोळीचा वरचा भाग टोपीसारखा सुटून येतो. तरीही बाजारात चालतं ते पहिलंच रूप, कारण ते जास्त स्थिर. मग त्यात बंधक पदार्थ घालून गोळी सावरायची!

स्फटिकाचा बाहेरचा आकारही या आतल्या रचनेवरूनच ठरतो. ज्या दिशेला बंध मजबूत, त्या दिशेला वाढ सहसा जलद, म्हणून सुया तयार होतात. सुयांची पावडर धड वाहत नाही. इथे स्फटिक ज्या द्रवातून वाढवतात तो द्रावक बदलून थोडंफार जमवता येतं.

रचना बदलल्याचा खरा दणका रिटोनाविरला बसला. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये आलं आणि १९९८ मध्ये त्याचं नवंच, जास्त स्थिर रूप उगवलं. विद्राव्यता इतकी कमी की कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास झाल्या आणि बाजारातून काढाव्या लागल्या. त्यात तर रेणूनेही स्वतःचा पीळ, म्हणजे वळण्याची ढब, बदलली होती, त्यामुळे ‘रेणू तोच’ हेसुद्धा जपूनच म्हणावं.