रात्रभराचे ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ: दोष पोरांचा की खेळाच्या बांधणीचा?

खाडीकाठ (मालवण)
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. या दिवसांत आमच्याकडची तरणी पोरं रात्र रात्र रोल-प्लेइंग खेळांत असतात. एक पात्र घ्यायचं, लेव्हल वाढवायची, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, शिरायचं. लोक त्यांना आळशी म्हणतात, ते मला पटत नाही. दोष बांधणीत आहे. राक्षस मारल्यावर भारी तलवार कधी मिळेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवतात. दर वेळी मिळाली तर कंटाळा येईल, कधीच नाही मिळाली तर पोरगा खेळ सोडेल. अधूनमधून मिळते, म्हणून 'आणखी एकदा' सुटत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं.

रातांबा
असहमत. १९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने असा खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने पुढे नेला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता मजकूर. तरी लोक रमले. कारण तिथे दुसरं कोणी होता येतं आणि बाकीचे ते मानतात. कोणी मिळवायला येतो, कोणी भटकायला, कोणी गप्पांना. तलवारीचं गणित पहिल्यालाच लागू. आपला दशावतारी नट रात्रभर इंद्र असतो, त्याला कोणी व्यसनी म्हणतं का?

खाडीकाठ (मालवण)
दशावतार पहाटे संपतो! हे जग तुम्ही झोपलात तरी चालू राहतं आणि गिल्ड तुमच्यावाचून पुढे जातं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना ४० जण लागत. जखमींना बरं करायचं काम तुमच्याकडे असेल, तर आईने जेवायला हाक मारली म्हणून उठणं म्हणजे ३९ जणांना तोंडघशी पाडणं. तलवारीपेक्षा हे बंधन चिवट आहे.

वेंगुर्ल्याची आवस
माझो झील पुण्याक नोकरीक आसा, खोलयेत एकटोच. ताप इलो तेव्हा गिल्डातल्या पोरान डॉक्टरचो नंबर काढून दिल्यान. तेंका वायट बोलूक माझी जीभ वळणा नाय.

शाळामास्तर, कुडाळ
व्यसन हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण तो नुसत्या तासांवर ठरत नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ, नुकसान दिसूनही तो चालूच, आणि हे साधारण वर्षभर.

रातांबा
खाडीकाठ, पोरगा ३९ जणांसाठी जागा राहतो हे तुम्हीच सांगताय. गावात त्याला तेवढ्या विश्वासाने काम कोण सोपवतं? बंदीने काही साधत नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा बंदी घातली, शेवटी ती काढून टाकली.

खाडीकाठ (मालवण)
बंदी मी मागितलीच नाही. काम सोपवायचं म्हणता, तेही मान्य. पण ऑगस्टात पहाटे होडी सुटते आणि मोहीम रात्री दोनला संपते. एक दिवस खेळलो नाही तर रोजचं बक्षीस बुडेल ही भीती आणि रात्रीच्या मोहिमा कंपन्यांनी काढाव्यात, एवढीच माझी मागणी आहे.