फ्रिजमध्ये ठेवूनही बी उगवले नाही

प्रश्न (कोथरूडची गच्ची): दोन वर्षांपूर्वी गच्चीवरील घेवडा, टोमॅटो आणि कांदा यांचे बी धरून मी कागदी पुड्यांत बांधले व फ्रिजच्या दारात ठेवले. यंदा पेरले तेव्हा घेवड्याचे 20 पैकी 3 दाणे उगवले, कांद्याचा एकही कोंब आला नाही आणि टोमॅटो मात्र तरारून आला. थंडीत ठेवूनही असे का व्हावे?

उत्तर (वाफा): आपण थंडी सांभाळली, ओलावा नाही. कागद बाष्प अडवत नाही आणि फ्रिजचे दार उघडेल तितक्या वेळा पुण्याच्या पावसाळ्यातील दमट हवा आत शिरते. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम असा की, बियांतील ओलावा 1 टक्क्याने किंवा तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असल्याने ते दरवर्षी नवे धरावे. टोमॅटोचे चार-पाच वर्षे सहज टिकते, म्हणूनच आपल्या हयगयीतूनही ते वाचले.

उत्तर (जुनी कणगी): घेवड्याचा दाणा बत्त्याने ठेचून पाहावा, पुरेसा सुकलेला असेल तर तो कडकन फुटतो, ओला असेल तर नुसता चेपतो. बी कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर सुकवावे आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. जेल नसल्यास कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून चालतात. बरणी फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, अन्यथा गार बियांवर दव धरते. ही चूक मी स्वतः दोन हंगाम केली आहे. आमची आजी कडधान्याचे बी चाळलेल्या राखेत घोळवून गाडग्यात भरीत असे, त्यामुळे भुंगाही लागत नसे.

उत्तर (वाफा): एक पुरवणी. फणसाच्या आठळ्या किंवा आंब्याच्या कोयी अशा सुकवू नयेत, त्या सुकल्या की मरतात, ताज्याच लावाव्यात.

प्रश्नकर्ती: पुडीत उरलेला घेवड्याचा दाणा आत्ताच ठेचला. फुटला नाही, पाटावर चपटा होऊन चिकटला.