जुनी बुलेट: पाना कोणाच्या हातात असावा?

घाटवळण:
नव्वदच्या दशकातली कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० वापरतो. गिअर उजव्या पायात, इग्निशन पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या छोट्या संपर्कांवर. माझं म्हणणं सरळ आहे: एवढी जुनी गाडी ठेवायची असेल तर तिची देखभाल स्वतः करा, नाहीतर विकून टाका. पैसे वाचतात म्हणून नव्हे. आज बऱ्याच गॅरेजांत कामाला असलेल्या पोरांनी पॉइंट उघडून पाहिलेलेही नसतात. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची. पॉइंटची फायबरची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते आणि चढाला ओढत नाही. अशा वेळी ‘इंजिन उतरवावं लागेल’ असं ऐकायला मिळतं! फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन बसलं तर अर्ध्या तासाचं काम. टॅपेटचंही, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडच्या ढिलेपणाचंही, तसंच. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खुळखुळता कामा नये. एवढं ज्याला जमत नाही त्याने बुलेटच्या गप्पा मारू नयेत.

गॅरेजवाला:
शेवटचं वाक्य नसतं तर निम्मं मान्य केलं असतं. घरी ‘शिकलेल्या’ गाड्या शेवटी आमच्याच दारात येतात हो. ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट जीव खाऊन आवळलेला, ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेलेले. स्क्रूची डोकी खाल्लेली, कारण स्क्रूड्रायव्हर मापाचा नव्हता. कुणी कारचं ऑइल टाकून येतो आणि क्लच सरकतो म्हणून तक्रार करतो. अरे बाबा, बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घे की! आणि ब्रेकला हात लावताना तरी विचार करा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि लोक ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारतात.

मळ्यातला:
दोघांचंही वाचून गंमत वाटली. आमच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे, दुधाच्या किटल्या, खताच्या गोण्या सगळं तिच्यावरच. प्लग पुसणे, चेन ओढून घेणे, केबल बदलणे याला इथे कुणी छंद म्हणत नाही. तालुक्याला गाडी न्यायची म्हणजे अर्धा दिवस गेला. नवी क्लच केबल आम्ही जुनीच्या बाजूनेच ओवून टेपने बांधून ठेवतो. तुटली की दोन टोकं बदलायची आणि निघायचं. इंजिन मात्र मेकॅनिकच उघडणार. त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

बसप्रेमी:
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. ही गाडी ठेवायचीच कशाला? आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या कार्बोरेटरची रबरं त्यासाठी बनलेलीच नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते. घरी करा नाहीतर गॅरेजात, पैसे पाण्यातच.

घाटवळण:
@बसप्रेमी, पेट्रोलचा पाइप स्वस्तात मिळतो, तो वेळेत बदलायचा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवायची. उलट हे पेट्रोल आल्यापासून मालकाने स्वतः लक्ष घालणं जास्त गरजेचं झालंय. पाइप कडक झालाय का, नळीपाशी ओल दिसते का, हे रोज गाडी काढणाऱ्यालाच दिसणार. मेकॅनिक वर्षातून दोनदा बघणार.
@गॅरेजवाला, ब्रेकचं पटलं. आट्यांचं नाही. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) घरीही वापरता येतो. तुमच्या लाइनीतल्या किती जणांकडे तो आहे, खरं सांगा.

गॅरेजवाला:
माझ्याकडे आहे. शेजारच्याकडे नाही, हेही खरं. बरं, एक विचारतो: जळकं ऑइल कुठे टाकता? आमच्याकडून नेणारा माणूस ठरलेला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलणाऱ्यांनी ते गटारात ओतलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

घाटवळण:
कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजात नेऊन देतो.

मळ्यातला:
म्हणजे गॅरेजात जावं लागतंच की! 😄

गॅरेजवाला:
याल तेव्हा ड्रेन बोल्टचा नवा वॉशर घेऊन जा. जुनाच परत लावता म्हणून ठिबकतं, आणि ठिबकतं म्हणून अजून आवळता.