‘इंटरफिअर’पुढे ‘इन’ की ‘विथ’?

काल विचारलेला प्रश्न असा: अर्जात ‘मेट्रोच्या कामाचा आवाज माझ्या मुलीच्या अभ्यासात व्यत्यय आणतो’ हे इंग्रजीत लिहायचंय, तर ‘इंटरफिअर इन हर स्टडीज’ लिहू की ‘इंटरफिअर विथ हर स्टडीज’? तीन जणांनी ‘दोन्ही चालतं’ म्हणून विषय मिटवला. मी भाषांतराच्या कामावर पोट भरतो, त्यामुळे मला तो मिटवता येत नाही. दोन्ही रूपं इंग्रजीत आहेत हे खरं, पण अर्थ एक नाही.

‘इन’वालं इंटरफिअर म्हणजे लुडबुड. ज्याच्याशी आपला संबंध नाही अशा गोष्टीत नाक खुपसणं. ‘विथ’वालं म्हणजे आड येणं, खोळंबा करणं, चाललेलं काम धड होऊ न देणं. पहिल्यासाठी करणारा जिताजागता लागतो: सासू, शेजारी, पुढारी, परराष्ट्र. दुसऱ्याला कोणीही चालतं, अगदी निर्जीव वस्तूसुद्धा. आवाजाला नाक नसतं, तो खुपसणार काय? म्हणून अर्जात ‘विथ’च.

आपल्याकडून चूक का होते, हे जास्त मजेशीर आहे. या अर्थाचे आपले बहुतेक शब्द सप्तमी घेतात. कामा*त* अडथळा, झोपे*त* व्यत्यय, संसारा*त* ढवळाढवळ, चौकशी*त* हस्तक्षेप, लग्ना*त* मोडता. लुडबुड असो की अडचण, प्रत्यय तोच ‘त’. शाळेत ‘त म्हणजे इन’ इतकं पक्कं बसलेलं असतं की हात आपोआप ‘इन’ लिहून मोकळा होतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना मी वाक्य आधी मराठीतच उलटवून बघतो. ‘आड येतो’ हे शब्द घालून वाक्य टिकलं, तर ‘विथ’. ‘नाक खुपसतो’ घालून टिकलं, तर ‘इन’. थायरॉईडच्या गोळीबरोबर कॅल्शियमची गोळी घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, कारण कॅल्शियम त्या औषधाच्या शोषणाच्या आड येतं. ते नाक खुपसत नाही. तसंच चहा आणि लोहाचं. दोन्हीकडे ‘इंटरफिअर्स विथ’.

काही ठिकाणी दोन्ही टिकतात, आणि तिथे निवड लिहिणाऱ्याची. ‘साहेब माझ्या कामात इंटरफिअर इन करतात’ म्हणजे नको तिथे सल्ले देतात. ‘विथ’ म्हटलं तर त्यांच्यामुळे काम अडतं. माझ्या अनुभवात बरेच साहेब दोन्ही करतात, पण ते असो.

सरकारी भाषेत हा फरक काटेकोर पाळलेला दिसतो. १९५४ च्या भारत-चीन करारातल्या पंचशीलाचं तिसरं तत्त्व एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचं आहे, आणि तिथे शब्द आहेत ‘नॉन-इंटरफिअरन्स इन’. उलट न्यायालयाचा अवमान कायदा, १९७१ घ्या. कलम २ मध्ये फौजदारी अवमानाची व्याख्या आहे. न्यायदानाच्या कामात जो ‘इंटरफिअर्स ऑर टेंड्स टु इंटरफिअर विथ’, तो त्यात सापडतो. तिथे प्रश्न लुडबुडीचा नाही, न्यायाची वाट अडवण्याचा आहे. मराठी पाट्यांवर ‘शासकीय कामात अडथळा’ असतं तेही याच जातीचं. त्याचं भाषांतर ‘इन’ने केलं, तर कचेरीत जाऊन साहेबाला सल्ला देणंही गुन्हा ठरेल.

आता ‘विथ’चा खड्डा. त्यात मी स्वतः पडलोय.

ओळखीच्या एका बालवाडीचं स्नेहसंमेलन होतं. नाच चालू असताना आया स्टेजच्या कडेला जाऊन पोरांचे हात वर-खाली करत बसतात, म्हणून बाईंनी सूचना लिहून मागितली. मराठीत मी लिहिलं, ‘पालकांनी मध्ये-मध्ये करू नये.’ खाली इंग्रजीत, ‘पॅरेंट्स शुड नॉट इंटरफिअर विथ द चिल्ड्रन.’ आडच येतात ना, मग ‘विथ’. पाटीचा फोटो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत इंग्लंडमधल्या लेस्टरहून वहिनींचा फोन. “भावोजी, आधी ते उतरवा!” मला वाटलं स्पेलिंग चुकलं. तिकडे मुलाशी ‘इंटरफिअर विथ’ करणं म्हणजे लैंगिक चाळे करणं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी पोलिसी बातम्यांत वापरलेला हा सभ्य आडोसा, आणि जुना असला तरी ऐकणाऱ्याच्या कानाला तो अजून टोचतो. माझ्या सूचनेत पालकांना भलत्याच गोष्टीची मनाई केलेली होती. शेवटी ‘इंटरफिअर विथ द परफॉर्मन्स’ केलं आणि पाटी पुन्हा लागली. तेव्हापासून ‘विथ’पुढे माणूस आला की मी थांबतो. त्याचं काम, झोप, हक्क, चौकशी, काहीतरी मध्ये घालतो, आणि मगच पुढे जातो.

हसू नका, मराठीतही हेच आहे. ‘मुलीची छेडछाड’ आणि ‘यंत्राशी छेडछाड’ यांत फरक फक्त प्रत्ययाचा. षष्ठी लागली की एक गुन्हा, ‘शी’ लागला की दुसरा. दुसरी छेडछाड हिंदी बातम्यांतून आली असं माझं मत. मला पुराव्यात ‘फेरफार’ बरा वाटतो. इंग्रजीत त्याला ‘टॅम्पर विथ’ हा नेमका शब्द असताना ‘इंटरफिअर’ला तिथे कशाला राबवायचं? जामिनाच्या अटींतही ‘टॅम्पर’च असतं.

एकाने खाली विचारलंय, मग ‘इंटरव्हीन’ कधी? खरं दुखणं इथे आहे, कारण आपण दोन्हीला हस्तक्षेप म्हणतो. ‘न्यायालयाने हस्तक्षेप करावा’ ही विनंती, आणि ‘राजकीय हस्तक्षेप थांबवा’ ही तक्रार. मराठी वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘इंटरव्हीन’च हवं. कोर्टाला ‘प्लीज इंटरफिअर’ लिहिलंत, तर तुम्ही न्यायमूर्तींना चोंबडेपणा करायला बोलावताय असा सूर लागतो. आपल्या वकिलांच्या लिखाणात ‘हायकोर्ट डिक्लाइन्ड टु इंटरफिअर’ सर्रास येतं, आणि ते चुकीचं नाही. खालच्या कोर्टाच्या निकालात हात घालायचं नाकारलं, असा त्याचा रोख. पण मदतीची हाक म्हणून तो शब्द वापरू नये.

‘विथ’ आलं कुठून, हे विचारणाऱ्यासाठी: ‘इंटरफिअर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ ‘एकमेकांवर आदळणे’. इंग्रजीत तो सुरुवातीला घोड्यांसाठी वापरत. चालताना घोड्याचा एक पाय दुसऱ्याला घासला की घोडा ‘इंटरफिअर’ करतो, आणि नाल मारणारे लोक आजही असं म्हणतात. पुढे भौतिकशास्त्राने शब्द उचलला, इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने एकमेकींवर येणाऱ्या प्रकाशाच्या लहरींना लावला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला व्यतिकरण म्हणतात. लहरीही एकमेकींशी, म्हणजे ‘विथ’च. आदळायला समोर कोणीतरी लागतंच.

बाकी किरकोळ. ‘विथ’नंतर ‘टु’ लावून क्रियापद येत नाही. मुलीच्या झोपण्याच्या आड यायचं असेल तर ‘विथ हर स्लीपिंग’ किंवा सरळ ‘विथ हर स्लीप’. ‘रेफरिंग’मध्ये ‘इंग’च्या आधी आर दोन असतात म्हणून ‘इंटरफिअरिंग’मध्येही दोन घालणारे खूप आहेत. तिथे ‘इंग’च्या आधी आर एकच. आणि दोघांच्या भांडणात ‘मध्ये पडू नका’ला ‘इंटरफिअर बिटवीन अस’ म्हणण्यापेक्षा ‘स्टे आउट ऑफ धिस’ म्हणा, समोरचा लगेच उठतो.

तर अर्जातलं वाक्य: ‘द नॉइज इंटरफिअर्स विथ माय डॉटर्स स्टडीज.’ आवाज एक आहे, म्हणून ‘इंटरफिअर्स’, तो शेवटचा एस गाळू नका. आणि रात्री किती वाजता काम चालतं तेही लिहा. क्रियापद कितीही बरोबर असलं, तरी वेळ लिहिली नाही तर तेवढ्यासाठीच अर्ज परत येईल.