ब्रिटनमधील आयक्लाउड आणि सरकारची मागणी

प्रश्न (लंडनस्थित): नमस्कार. आईबाबांच्या तपासण्यांचे अहवाल, पुण्यातील सदनिकेची कागदपत्रे आणि मुलांची छायाचित्रे असे आमचे सगळे आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणसेवेत आहे. ब्रिटिश सरकारने २०१६च्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स (तपास यंत्रणांचे अधिकार) कायद्याखाली या साठ्यातील सांकेतिक कुलपात असलेली माहिती उघडता यावी अशी मागणी केल्याच्या बातम्यांनंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ (बहुतेक साठा ॲपललाही उघडता येऊ नये अशी ऐच्छिक सोय) येथील नव्या ग्राहकांसाठी बंद केले. मी ते आधी सुरू केले नव्हते. आता नेमके काय उघडे पडले? गुन्हे तपासायला पोलिसांना वाट हवी, हेही मला पटते.

उत्तर १: पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी आजही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे त्यांचे सांकेतिक कुलूप फक्त तुमच्याच उपकरणांवर उघडते. मात्र बॅकअप, छायाचित्रे आणि नोट्स यांच्या चाव्या ॲपलकडे असल्याने कायदेशीर आदेश आल्यास कंपनी ते उघडून देऊ शकते. येथे एक बाब सहज नजरेआड होते: आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर मेसेजेसची चावीही त्या बॅकअपमध्येच जाते. म्हणून बॅकअप बंद करून स्वतःच्या संगणकावर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्यावा.

उत्तर २: संशयिताचा फोन न्यायालयाच्या परवानगीने जप्त करणे आणि सर्वांच्या कुलपांसाठी एक चावी घडवून ठेवणे, यांत मला मूलभूत फरक दिसतो. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या यंत्रणेत कायदेशीर टेहळणीसाठी असलेली, पण कंपनी वापरतही नसलेली सोय अज्ञात घुसखोरांनी चालू केली आणि पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. ती सोय मुळात नसती, तर घुसखोरांचे काम कितीतरी अवघड झाले असते. शिवाय सरकारकडून अशा मागणीची नोटीस मिळाल्याचे सांगण्यासही कायदा कंपनीला मनाई करतो, याची मला अधिक चिंता वाटते; ॲपलने या मागणीविरुद्ध केलेल्या दाव्याचा मूळ तपशीलही गुप्त राहावा असे सरकारचे म्हणणे होते, ते अशा तक्रारी ऐकणाऱ्या ब्रिटिश न्यायाधिकरणाने एप्रिल २०२५मध्ये फेटाळले.

उत्तर ३: भारतातही हा प्रश्न आहेच. २०२१च्या आयटी नियमांतील नियम ४(२) प्रमाणे पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, आदेश आल्यास, संदेशाचा पहिला प्रेषक शोधून द्यावा लागतो. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एन्क्रिप्शन मोडायला लावल्यास भारत सोडू, असे एप्रिल २०२४मध्ये तेथे सांगितले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. संगणकावरील बॅकअपचा पासवर्ड विसरल्यास काय?

उत्तर १: तो बॅकअप ॲपललाही उघडता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडेही ठेवा.