कॅशलेस डेस्कवर चार वर्षं झाली, आता फाइल उघडायला हात धजत नाही

प्रश्न – होमिओपॅथ_पुणे

मी बीएचएमएस. पुण्यात एका टीपीएच्या, म्हणजे विमा कंपन्यांसाठी आरोग्य विम्याचे क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, कॅशलेस डेस्कवर आहे. हॉस्पिटलचं प्री-ऑथ (उपचाराच्या खर्चाला आधी मंजुरीची मागणी) आलं की पॉलिसीशी ताडून मंजूर करायचं, क्वेरी टाकायची म्हणजे आणखी कागद मागायचे, नाहीतर नाकारण्यासाठी वर पाठवायचं. मे 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचं परिपत्रक आलं: प्री-ऑथला एक तास, डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास. नियम रास्तच आहे. आईच्या वेळी मीही बिलाच्या काउंटरपाशी ताटकळलेय. पण आमच्याकडे माणसं होती तेवढीच राहिली. शिफ्टला साठ-सत्तर फायली, आणि प्रत्येकीपुढे उरलेली मिनिटं. वीसच्या खाली गेली की आकडा लाल होतो.

मागच्या महिन्यातली एक फाइल डोक्यातून जात नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन, बाई 58 वर्षांच्या, पावणेसहाला फायनल बिल आलं. डिस्चार्ज समरीत दहा वर्षांपासून बीपी असल्याची नोंद. पॉलिसीला चार वर्षं झालेली, म्हणजे पाच वर्षांचा मोरॅटोरियम (तो पुरा झाला की, फसवणूक सोडून, आजार सांगितला नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही) पुरा व्हायचा होता. पॉलिसी घेताना बीपी सांगितला होता का, एवढंच पाहायचं होतं. त्याला प्रपोजल फॉर्म उघडावा लागतो. मी उघडला नाही. ‘पहिल्या तपासणीचा कागद पाठवा’ अशी क्वेरी टाकली, कारण आमच्या सिस्टीममध्ये क्वेरी टाकली की मिनिटं थांबतात. दुसऱ्या दिवशी फॉर्म पाहिला. तिसऱ्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं: ‘बीपीची गोळी, रोज सकाळी.’ बाईंनी काही लपवलं नव्हतं. माझ्यामुळे त्या एक रात्र जास्त हॉस्पिटलात राहिल्या.

घरी मायक्रोवेव्हचे आकडे उलटे उतरताना दिसले तरी छातीत धडधडतं. मुलावर विनाकारण ओरडते. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. सोडावं का? आणि कामाचा भार कमी करा असं वरिष्ठांना सांगून कुणाचं काही झालंय का?

उत्तर – डेस्क_नाशिक

ताई, मीही मुंबईत पाच वर्षं हेच केलं. आता इथे एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर आहे. पगार चार हजारांनी कमी झाला. धावपळ इथेही आहे. सलाइन काढलंय, पिशव्या भरल्यात आणि नातेवाईक दर दहा मिनिटांनी ‘आलं का अप्रूव्हल?’ विचारतात. पण समोर माणूस असतो, त्याला खरं काय ते सांगता येतं. मला तेवढ्यानं झोप लागायला लागली. पहिल्या तपासणीचा कागद मी आता प्री-ऑथसोबतच जोडतो. तुमच्याकडे तो का मागतात हे मला ठाऊक आहे ना.

उत्तर – निवृत्त_क्लेमवाला

सरकारी विमा कंपनीत माझी 31 वर्षं गेली, बरीचशी मोटार क्लेममध्ये. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांच्या फायली टेबलाखालीसुद्धा रचलेल्या असायच्या. तेव्हा साहेबांनी दुसऱ्या विभागातली माणसं आणून बसवली, म्हणून आम्ही तरलो. नुसत्या सोसण्यानं तरलो नसतो.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. त्याच परिपत्रकानं क्लेम नाकारायला समितीची मंजुरी सक्तीची केली. क्वेरीला तशी कुणाची सही लागत नाही. वेळ अपुरा पडला की सगळा भार क्वेरीवर येणार, हे उघड आहे. नुसतं ‘काम फार आहे’ म्हणालात तर कुणी ऐकणार नाही. दोन आठवडे वही ठेवा. फायली किती, त्यात डिस्चार्जच्या किती, क्वेरी किती, त्यातल्या खरोखर लागणाऱ्या किती. मग मेलवर द्या, तोंडी नको. सोडायचं की नाही ते त्यानंतर ठरवा. आणि मुली, त्या बाईंची रात्र तुला अजून सलते आहे. तुझ्यासारखी माणसं या कामात हवीत.

उत्तर – सातारकर_मी

धडधड, झोप, चिडचिड हे अंगावर काढू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी बोललेय.

होमिओपॅथ_पुणे

काल रात्री 14416 ला फोन केला, वीस मिनिटं बोलले. काका, वहीही सुरू केली. आज 64 फायली, 19 क्वेरी. त्यातल्या 7 मी फक्त मिनिटांसाठी टाकल्या होत्या. त्या सातांचे नंबर वेगळ्या पानावर लिहून ठेवलेत.